नाशिक जवळ आलं की गाडी झटके खाते? लांबच्या ट्रिपच्या शेवटच्या टप्प्यातलं समस्या निवारण

एकट्याने लांब फिरून आलेला बायकर गॅरेजच्या दारात गाडी ढकलत येतो, तेव्हा तक्रार ठरलेली असते. 'भाऊ, अख्खं राजस्थान झालं, कुठे कुरकुर नाही. आणि राहूड घाट चढताना झटके खायला लागली.' राहूडच्या जागी कधी कसारा असतो, कधी सापुतारा. पुढचं वाक्यही ठरलेलं: 'इंजिन गेलं का हो?'

बहुतेक वेळा गेलेलं नसतं. दोन-तीन हजार किलोमीटर सलग पळालेल्या गाडीत एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो, चेन सैल पडलेली असते, बॅटरीच्या टर्मिनलचा स्क्रू हादऱ्यांनी ढिला झालेला असतो, ऑइल थोडं खाली गेलेलं असतं आणि टाकीत कुठल्या कुठल्या पंपांचं पेट्रोल असतं. यातली एकेक गोष्ट एकटी गाडी बंद पाडत नाही. शेवटच्या दिवशी मात्र माणूस घरच्या ओढीने थांबतच नाही, टाकी भरत नाही ('आता काय, पोहोचलोच'), गाडी दिवसभर तापलेली राहते आणि त्यात घाट येतो. तिथे सगळ्या उधाऱ्या एकदम वसूल होतात.

हा पोस्ट 100 ते 400 सीसीच्या नेहमीच्या गाड्यांसाठी आहे, कार्ब्युरेटरवाल्या आणि एफआय (फ्युएल इंजेक्शनवाल्या) दोन्ही. पंचवटीतल्या माझ्या गॅरेजमध्ये ही तक्रार मी ज्या क्रमाने तपासतो, तोच क्रम इथे आहे. आधी फुकटच्या गोष्टी, मग हत्यारं लागणाऱ्या, आणि शेवटी ज्यांना तुम्ही हात लावू नये अशा.

लक्षणं

पहिला प्रश्न: गाडी बंद कशी पडली? एका क्षणात, की आचके देत हळूहळू? याचं उत्तर नीट आठवलं तर निम्मं काम झालं.

- आचके देत, वेग उतरत बंद पडली. दहा-पंधरा मिनिटांनी सुरू झाली आणि थोडं अंतर गेल्यावर पुन्हा तेच. संशय पेट्रोलवर, मग हवेवर.
- एका क्षणात बंद, मीटरसकट सगळा अंधार. बॅटरीचं टर्मिनल किंवा मेन फ्यूज.
- एका क्षणात बंद, पण मीटर, लाइट, हॉर्न चालू. साइड स्टँडचा स्विच, किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा), किंवा इग्निशनचं वायरिंग नाहीतर कॉइल.
- बंद पडत नाही, पण खेचतही नाही. चढावर आरपीएम वर जातो, वेग तिथेच राहतो, जळका वास येतो. हा क्लच.
- हायवेवर ठीक, पण नाशिकच्या द्वारका चौकाच्या कोंडीत आली की आयडलिंग धरत नाही. फिल्टर, प्लग, कधी टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक).
- सेल्फ मारला की नुसतं 'टक्'. बॅटरी किंवा चार्जिंग.

तपासायच्या आधी

घाटात वळणावर थांबू नका. गाडी लोटता येत असेल तर वळण संपेपर्यंत लोटा, डाव्या कडेला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा, हेल्मेट डोक्यावरच राहू द्या. कसाऱ्याला पावसाळ्यात धुकं उतरलं की मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसतच नाही. तिथे दुरुस्ती करायची नसते, फक्त बाहेर पडायचं असतं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 ही हेल्पलाइन आहे, जीवावरचं काही असेल तर 112.

मग इंजिन थंड होऊ द्या, निदान अर्धा तास. घाई म्हणून त्याच्यावर बाटलीतलं पाणी ओतणारे लोक मी पाहिलेत. तापलेल्या अॅल्युमिनियमवर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो, आणि दोनशेच्या खर्चाचे वीस हजार होतात.

1. पेट्रोल आणि टाकीचं झाकण

काट्यावर विश्वास ठेवू नका. झाकण उघडा, गाडी हलवा, आत डोकावून बघा. चढ-उतारावर पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरकतं, त्यामुळे सपाटीवर पुरणारं पेट्रोल घाटात पुरेलच असं नाही. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर आहे का पाहा. एफआय गाडीत पेट्रोल फार कमी ठेवून पळवणं आणखी वाईट, कारण टाकीतला पंप त्या पेट्रोलनेच थंड राहतो.

झाकण उघडताना कान द्या. 'सुस्स' असा हवा ओढल्याचा आवाज मोठा आला, तर दोष सापडला असं समजा. झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल कमी होईल तशी त्यातून हवा आत जाते. ते धुळीने किंवा चिखलाने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरेनासं होतं. गाडी आचके देत मरते. दहा मिनिटं थांबलात की थोडी हवा कुठूनतरी शिरते, गाडी सुरू होते, आणि पुढच्या काही किलोमीटरवर परत मरते. 'गरम झाली की बंद, थंड झाली की चालू' असं वाटतं ते अनेकदा यामुळे. उष्णतेचा इथे संबंधच नसतो.

असाच एक मुलगा धुळ्याकडून येताना अडकला होता. फोनवर म्हणाला, 'भाऊ, प्लग काढू का?' मी म्हटलं, 'आधी टाकीवर काय ठेवलंय ते सांग.' टाकीवर मॅग्नेटवाली बॅग होती, तिच्यावर रेनकव्हर, आणि त्या कव्हरची इलॅस्टिकची कड नेमकी झाकणावरून ताणून बसवलेली. बॅग काढून झाकण उघडायला लावलं तर आवाज मला फोनवर ऐकू आला. बॅग मागच्या सीटवर बांधून तो आला. गॅरेजला आला तो फक्त ऑइल बदलायला.

खात्री करायची सोपी युक्ती: झाकण सैल ठेवून अर्धा किलोमीटर सपाटीवर हळू चालवून बघा. गाडी सुधारली तर तेच. बारीक तारेने भोक मोकळं करा, फुंकून बघा. सैल झाकणाने नाशिकपर्यंत मात्र येऊ नका, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडणं म्हणजे खेळ नाही.

2. ऑइल

हेही फुकट आहे, आणि न बघितल्यास सगळ्यात महाग. गाडी सपाट जागी, मेन स्टँडवर किंवा सरळ धरून, काचेतून किंवा दांडीवर लेव्हल बघा. साइड स्टँडवर कलती उभी असताना बघितलेली लेव्हल खोटी असते. छोट्या इंजिनात एकूण ऑइलच एक लिटरच्या आसपास असतं, त्यातलं पाव लिटर गेलं तरी फरक पडतो. खालच्या रेषेच्या खाली असेल तर त्याच ग्रेडचं ऑइल टाकल्याशिवाय गाडी सुरू करू नका. मोटरसायकलचं ऑइल कारच्या ऑइलपेक्षा वेगळं असतं, कारण आपल्याकडे बहुतेक गाड्यांत क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. पंपावर कारचं ऑइल दिलं तर ते क्लचला मानवत नाही.

3. स्विच

किल स्विच. हो, खरंच. ग्लोव्ह घातलेल्या अंगठ्याने तो कधी सरकला हे कळत नाही.

मग साइड स्टँड. नव्या गाड्यांत स्टँड खाली असेल तर गिअर टाकला की इंजिन बंद होतं. स्टँडच्या स्विचमध्ये चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडीला तो खाली वाटतो. द्राक्ष-कांद्याच्या हंगामात पिंपळगाव-निफाडकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल पडलेला असतो, तो नेमका तिथेच जाऊन बसतो. बाटलीतलं पाणी मारा, स्टँड पाच-सहा वेळा वर-खाली करा. खड्ड्यात आदळली की गाडी क्षणभर बंद होते, अशी तक्रार असेल तर माझा पहिला हात इथेच जातो.

एफआय गाडी पडली असेल, अगदी उभ्या उभ्या कलंडली असेल, तर काही मॉडेलमध्ये सेन्सर इंजिन बंद करतो. गाडी उभी करा, चावी बंद करून थोडं थांबा, पुन्हा चालू करा.

4. बॅटरीचं टर्मिनल आणि फ्यूज

सीट किंवा साइड पॅनल काढा. टर्मिनल बोटांनी हलवून बघा. हललं तर स्क्रू ड्रायव्हरने आवळा. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खरवडून साफ करा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडणार नाही.

ट्रिपमध्ये मोबाइल चार्जर किंवा जादा लाइट बॅटरीवरून जोडले असतील तर त्यांच्या वायरी आधी काढून टाका. निम्म्या इलेक्ट्रिकल तक्रारी या घरगुती जोडण्यांतून येतात. फ्यूज जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बदला, बहुतेक गाड्यांत जादाचा फ्यूज डब्यातच असतो. लगेच पुन्हा जळला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागते आहे. मोठा फ्यूज टाकू नका, सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर नाहीच. वायरिंग जळतं, आणि वरती टाकी असते.

5. ताकद खाणाऱ्या गोष्टी

मागचं चाक हाताने फिरवा. जड फिरतंय? ब्रेक धरून राहिला असेल. ड्रमवर किंवा डिस्कवर दोन थेंब पाणी टाका. चर्रकन उडालं तर निदान झालं. ब्रेक पॅडलची ॲडजस्टमेंट सैल करून बघा. डिस्कचा कॅलिपर जाम असेल तर तो रस्त्यावर उघडायचा नाही.

क्लचच्या लिव्हरला थोडी मोकळी खेळ हवी, टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर. ती संपली असेल तर क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो, प्लेट घसरतात आणि चढावर गाडी नुसती ओरडते. केबलचा ॲडजस्टर फिरवून खेळ द्या. तरीही घसरत असेल तर प्लेट संपल्या. घाटात वरचा गिअर टाळा, जोरात पिळू नका, हळू घरी या. त्यापुढचं काम गॅरेजचं.

चेनचं माप स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. बहुतेक गाड्यांत मधोमध 20 ते 30 मिलिमीटर हालचाल. सैल चेन झटके देते आणि लोक त्याला मिसिंग (ठिणगी चुकणं) समजतात. मात्र आवळताना हात राखून. अती ताणलेली चेन गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगला खाते. सामानासकट माणूस बसला की ती आणखी ताणली जाते हे लक्षात ठेवा.

6. एअर फिल्टर

इंजिनला पेट्रोलपेक्षा हवा कितीतरी पट जास्त लागते. फिल्टर बुजला की मिश्रण घट्ट होतं (हवा कमी, पेट्रोल जास्त), गाडी काळं ओकते, पिकअप मरतो, मायलेज उतरतं. कागदी फिल्टर असेल तर हलक्या हाताने आपटून धूळ झाडा, घरी येईपर्यंत निभावतं. फोमचा असेल तर धुता येतो. काही कंपन्यांचा कागदी फिल्टर तेलकट असतो, तो झाडायचा नाही, हवाही मारायची नाही, सरळ बदलायचा. पावसात भिजून लगदा झालेला फिल्टर तर कुठल्याच उपायाने सुधारत नाही. फिल्टर काढून तसंच पळवायचा मोह होतो, पण रस्त्याची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. तेवढं करू नका.

7. प्लग

इंजिन थंड असेल तरच. तापलेल्या हेडमधून प्लग काढताना ॲल्युमिनियमचे आटे प्लगसोबत बाहेर येतात आणि मग हेडच उतरवावं लागतं. आधी प्लगची कॅप घट्ट आहे का बघा, अनेकदा एवढ्यावरच भागतं.

काढल्यावर टोकाचा रंग बघा. विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक. कोरडा काळा म्हणजे हवा कमी, पुन्हा फिल्टरकडे जा. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे ठिणगी पडत नाही. ओला आणि तेलकट म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय, ही चांगली बातमी नाही. पांढरा फटक म्हणजे इंजिन अती तापतंय, पेट्रोल कमी मिळतंय किंवा कुठूनतरी जादा हवा शिरतेय.

लांबच्या ट्रिपला जाताना दोनशेच्या आतला जादा प्लग बॅगेत असावा असं माझं ठाम मत आहे. जुना घासत बसण्यापेक्षा नवा लावून बघणं केव्हाही बरं. बसवताना सुरुवातीचे आटे हाताने फिरवा, पाना शेवटी. प्लग बाहेर ठेवून ठिणगी बघण्याचा जुना प्रयोग एफआय गाडीवर करू नका, नीट अर्थिंग मिळालं नाही तर इलेक्ट्रॉनिक्सला मार बसतो.

8. पेट्रोलमधलं पाणी

पावसाळी ट्रिपवाल्यांनो, हे वाचाच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि इंजिनला पेट्रोल जातं ते तळातूनच.

कार्ब्युरेटरच्या गाडीत तपासणं सोपं. कॉक बंद करा, कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करा, निघेल ते पारदर्शक बाटलीत धरा आणि दोन मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला किंवा गोळ्यांसारखे थेंब लोळताना दिसले की पाणी. स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत काढत राहा. हे काम सिगारेट, गॅस आणि तापलेल्या सायलेन्सरपासून लांब. जुन्या गाडीत इथेनॉल टाकीतला जुना चिकटाही सोडवतं, तो कचरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) अडकतो. अशी गाडी चोक ओढल्यावर थोडी बरी चालते, ही त्याची खूण.

एफआय गाडीत एवढंच करा: किल स्विच 'रन'वर ठेवून चावी फिरवा आणि टाकीला कान लावा. पंपाची दोन-तीन सेकंद घरघर आली पाहिजे. आली नाही तर पंपाचा फ्यूज बघा. फ्यूज ठीक असेल तर थांबा. त्या लाइनमध्ये पेट्रोल दाबाने असतं, ती रस्त्यावर सोडवायची नसते.

9. चार्जिंग, मल्टिमीटर असेल तर

तीनशे-चारशेत मल्टिमीटर मिळतो. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. इंजिन सुरू करून चार-पाच हजार आरपीएमवर 13.5 ते 14.5. तेरापर्यंतही पोहोचत नसेल तर स्टेटर (वीज तयार करणारा) किंवा रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा) गेला, बॅटरी बदलून काही होणार नाही. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बॅटरीला जाळतोय. चार्जिंग बंद असेल तर जादा लाइट, चार्जर सगळं काढा आणि इंजिन बंद न करता जवळच्या गावापर्यंत या. अंधार पडला असेल तर तेही नको.

इथे पाना खाली ठेवा

वरचं सगळं ठीक निघालं आणि तरीही गाडी तापली की मरते, निवली की सुरू होते, तर संशयित उरतात ते हे: पल्सर कॉइल (ठिणगी कधी पडायची तो इशारा देणारी), इग्निशन कॉइल, आणि आवळलेले टॅपेट. कॉइलच्या आतली बारीक तार तापल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते, म्हणून गॅरेजमध्ये सकाळी सगळं ठीक दिसतं. ती गरम असतानाच तपासावी लागते. टॅपेटचं उलट: मोकळीक मोजायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, फीलर गेजने. टॅपेट वाजत नाही म्हणून खूश होऊ नका, आवळलेला टॅपेट गप्प असतो आणि व्हॉल्व्ह जाळतो.

पुढचं काही दिसलं तर सुरूसुद्धा करू नका, मेकॅनिकला बोलवा किंवा गाडी छोट्या हत्तीत घाला:

- इंजिन चालू असताना ऑइलचा दिवा जात नाही.
- इंजिनातून ठकठक असा धातूचा आवाज, थ्रॉटलसोबत वाढणारा.
- ऑइल दुधाळ दिसतंय, किंवा कूलंट पुन्हा पुन्हा कमी होतंय. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, वाफेने चेहरा भाजतो.
- पेट्रोल गळतंय, किंवा वायरचा कपलर वितळलाय.
- पुढचा ब्रेक लिव्हर हँडलपर्यंत दाबला जातोय.

आणि एक कारण गाडीचं नाही, तुमचं. दिवसभर चालवून हात बधिर झालेत, सूर्य मावळलाय, गाडी दोनदा बंद पडलीये, तरी 'घर तीस किलोमीटर तर आहे' म्हणून सिन्नरहून निघणारे असतात. सिन्नरला लॉज आहेत. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर ते अशाच वेळेसाठी. पॉलिसीचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा, आणि कागदावरही, कारण त्या वेळी बॅटरी फक्त गाडीचीच उतरलेली नसते.

छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्यांसाठी वेगळं: मॅप समृद्धी महामार्ग सुचवेल, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. तुमचा रस्ता वैजापूर-येवला-निफाडचा. तिथे गॅरेज दर थोड्या अंतरावर आहेत, एकट्या बायकरला ते समृद्धीपेक्षा बरंच.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा 'गाडी बंद पडली' एवढंच सांगू नका. मॉडेल आणि वर्ष, एका क्षणात बंद पडली की आचके देत, मीटर चालू होतं का, शेवटचं पेट्रोल कुठे आणि किती भरलं, ट्रिपमध्ये कोणी काय उघडलं होतं, इंजिनचा पिवळा दिवा लागला होता का, एवढं सांगा. तो दिवा काही गाड्यांत ठरावीक वेळा लुकलुकतो. किती वेळा, ते मोजा किंवा व्हिडिओ काढा, तो दोषाचा कोड असतो. आणि रस्त्यात काही बदललं असेल तर जुना पार्ट फेकू नका. जुना प्लग रुमालात गुंडाळून आणा, त्याचं टोक न पुसता.